लोकाचा नत्थू

जिजाबाईच्या तोंडी लागू नये, हे लकडगंजात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बाई वाईट नव्हती हो. नवरा गणपतराव गेल्यावर वखारींतून ढलप्या आणि भुसा उचलून, दारोदार विकून तिनं संसार ओढला, कोणापुढे पदर पसरला नाही. पण राग असा नाकाच्या शेंड्यावर, की माशी बसेल तर शपथ. असू द्या. एकेचाळीस साली पोळ्याच्या तोंडावर ती जी पेटली, तिला मात्र कारण होतं, आणि ते कोणत्याही आईला पुरून उरेल एवढं होतं.

झालं असं, की रंगूनहून मनोहरराव आला. तो त्याच गल्लीतला, आणि जिजाबाईच्या नत्थूबरोबर तिकडच्या रेल्वे कारखान्यात लेथवर कामाला. बापाच्या श्राद्धाला म्हणून आला होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, संध्याकाळच्या गाडीनं कलकत्त्याला आणि तिथून बोटीनं परत जायचा होता. ओट्यावर बसून, बशीतला चहा फुंकत त्यानं नत्थूचा निरोप सांगितला. कारखान्यात नवा हुकूम निघाला होता. हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकानं आपल्या जिल्ह्याच्या कचेरीचा दाखला आणायचा, की हा माणूस खरंच आमच्याकडचा, अमक्या घरचा मुलगा. तो दाखवला की फोटो चिकटवलेलं ओळखीचं कार्ड मिळणार. कार्ड नाही त्याचं काम बंद आणि पुढच्या बोटीनं रवानगी. तिकडच्या कागदांत नत्थूचं नुसतं नाव होतं, नत्थू, राहणार नागपूर. बाप कोण, आई कोण, काही नाही. लढाईमुळे टपालाचा भरवसा नव्हता, तेव्हा दाखला मनोहररावाच्याच हातून जायला हवा होता.

जिजाबाईनं विचारलं, दहा वर्षं राबवून घेताना ओळख लागली नाही, आजच काहून लागली? मनोहररावानं समजावलं, की आता ब्रह्मदेश वेगळा झाला, आपण तिकडे परके. आता हे ऐकून कोणाचं डोकं फिरणार नाही? नत्थू गेला तेव्हा तो मुलुख आपल्याच सरकारचा होता. नाणं तेच, राजा तोच. मग कोण्या शहाण्यानं कुठल्याशा टेबलावर नकाशा पसरून रेघ ओढली, आणि हा बापडा लेथवर उभ्याउभ्या परदेशात गेला. जागचा हलला नाही, तरी परका झाला.

तिला वाटलं, येऊ द्या मेल्याला इकडे, चार ढलप्या जास्त विकू. पण मनोहररावानं मान हलवली. नत्थूनं तिथल्या बाईशी लग्न केलं होतं, हे जिजाबाईला माहीत होतं. दोन वर्षं तिनं त्याबद्दल तोंड फुगवूनही ठेवलं होतं. आता मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. बायकोचे कागद तिकडचे, याचे कुठलेच नाहीत. याला बोटीवर चढवतील आणि त्या दोघी धक्क्यावर राहतील. तो तर रोज रात्री उठून बसतो, म्हणाला मनोहरराव. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, की त्यात काही अवघड नाही, आईनं कचेरीत जायचं आणि साहेबासमोर म्हणायचं, हा माझा मुलगा. एवढंच.

एवढंच. जिजाबाईनं त्याच्यापुढची बशी उचलून आत नेली. मनोहरराव चहा अर्धा टाकून उठला.

हे 'एवढंच' तिला काहून जमणार नव्हतं, ते सांगायला हवं. नत्थूच्या आधी जिजाबाईची तीन लेकरं गेली. एक पाचवीच्या आतच, एक रांगताना, एक चांगलं 'माय' म्हणायला लागल्यावर. नत्थूच्या वेळी सासूनं ठरवलं, की आता लेकरं नेणाऱ्या सटवाईला फसवल्याशिवाय गत्यंतर नाही. पोर जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि भिंतीपलीकडच्या रंभाबाईला पसाभर कण्यांना विकून टाकलं. रंभाबाईला मूलबाळ नव्हतं, तिच्या घरी सटवाई कशाला डोकावते? उजवी नाकपुडी टोचून नथ अडकवली, म्हणून नाव नत्थू. यात नवल काही नाही. नागपुरात गल्लोगल्ली नत्थूजी आहेत, उकंडराव आहेत, फकिराजी आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे गेलेल्या भावंडांची रांग आहे. पण लोक तेवढ्यावर थांबतात. जिजाबाईची सासू अर्धवट काम करणारी नव्हती. तिनं रंभाबाईच्या नवऱ्याला, बाबारावांना, म्युनिसिपालटीत धाडलं आणि जन्माची नोंदसुद्धा बाबाराव आणि रंभाबाईच्या नावानं करवली. म्हातारीचं म्हणणं, सटवाई सगळीकडे चौकशी करत फिरते, सरकारी चोपडीत पाहिलं तर? सटवाईला कपाळावर लिहिता येतं म्हणजे वाचताही येत असणार.

आणि आईवर बंधन घातलं. याला कधी माझा म्हणायचं नाही. लोकाचा म्हणायचं. मोठा झाला, लग्न ठरलं, की मांडवात रंभाबाईची ओटी भरून, पसाभर कण्या परत देऊन लेक सोडवून घ्यायचा. तोवर तो लोकाचा.

जिजाबाईनं पाळलं. अंगावर पाजलं, न्हाऊमाखू घातलं, मारलं, जेवू घातलं, पण कोणी विचारलं तर 'लोकाचा हाय बापा.' एकदाच चुकली. नत्थू तीन-चार वर्षांचा असताना वखारीतल्या एका गाडीवानानं त्याला चापट मारली. ही धावत गेली आणि ओरडली, 'माह्या लेकाले काहून मारलं?' आठवडा झाला नाही तर नत्थूला देवी आल्या. डोळे मिटले, अंग सुजलं, वैद्यानं आशा सोडली. वाचला तो कसाबसा. त्या दिवसापासून तो शब्द तिच्या तोंडातून मेला. तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. म्हणा. ज्यानं तीन लेकरं मातीत घातली नाहीत त्यानं खुशाल म्हणावं.

मग नत्थूनं रंगूनला जायचं काढलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. पण बाबारावांचा भाचा तिकडे मुकादम होता, त्यानंच काम लावलं, आणि निघताना नत्थूच्या हातावर दही ठेवलं ते रंभाबाईनं. जिजाबाईनं ते पाहिलं. विकत घेतला म्हणून देशोधडीला लावायचाही हक्क मिळाला काय, असं ती भर गल्लीत बोलली, आणि तेव्हापासून दोघींमधली भिंत खरी भिंत झाली. बाबाराव वारले तेव्हाही जिजाबाई सांत्वनाला गेली नाही. नत्थूचं लग्न तिकडेच झालं, मांडव पडला नाही, कण्या परत दिल्या गेल्या नाहीत. म्हणजे हिशेब अजून तसाच होता. पोरगा रंभाबाईचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जिजाबाई कचेरीत गेली. सिताबर्डीपर्यंत मनोहरराव बरोबर होता, पुढे तिनं त्याला परत धाडलं, दुसऱ्या कोणासमोर तिला हे नको होतं. दाखल्याचं काम केशवरावांकडे होतं. धंतोलीत राहणारे, बंद गळ्याचा कोट, कपाळाला गंध, बोलणं मऊ. बरा माणूस होता. पण बऱ्या माणसाचाच राग जास्त येतो, वाईटाला निदान शिव्या देऊन मोकळं होता येतं.

केशवरावांनी नाव-गाव विचारून घेतलं. म्युनिसिपालटीच्या नोंदीचा उतारा मागवला आणि तो येईपर्यंत तिला व्हरांड्यात बसवलं. दुपार कलली तेव्हा उतारा आला. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की यात तर आई रंभाबाई लिहिली आहे, तुम्ही कोण? जिजाबाईनं सगळं सांगितलं, सूप, कण्या, सासू, सटवाई. शेजारच्या टेबलावरचा कारकून लेखणी खाली ठेवून ऐकायला लागला, मग तिसरा आला. कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, सटवाईसाठीपण एक अर्जाचा नमुना छापायला पाहिजे.

केशवराव हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, नोंद दुरुस्त करता येते. पण त्याला सुईण लागेल, बाबाराव लागतील, सासू लागेल. जिजाबाई म्हणाली, तिघंही मेले. मग महिने लागतील, ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी एक वाट काढली. साहेब भला आहे. आईनं त्याच्यासमोर शपथेवर सांगितलं तर कदाचित नोंदीकडे कानाडोळा करेल.

"फक्त तोंडानं म्हणा बाई, की हा माझा मुलगा आहे. आत्ता माझ्यासमोर म्हणून पाहा, म्हणजे साहेबापुढे अडखळायला नको."

जिजाबाईनं तोंड उघडलं. तिला डोळ्यांसमोर देवींनी सुजलेला तो चेहरा दिसला, आणि तो चेहरा आता तीस वर्षांच्या माणसाचा होता, समुद्रापलीकडे, जिथं ती पाणीसुद्धा पाजू शकणार नव्हती. तिनं तोंड मिटलं. केशवरावांनी पुन्हा विचारलं, अगदी लहान मुलाला विचारावं तसं, नत्थू तुमचा कोण?

"लोकाचा हाय," ती म्हणाली.

मग तर अख्खी खोली हसली. लोकाचा आहे तर बाई, तुम्ही कशाला पायपीट करता, असं मागून एकानं विचारलं. आणि जिजाबाई उठली. ती काय काय बोलली ते सगळं इथं लिहिता येणार नाही. एवढं सांगतो, की तिनं त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तुमच्या आया सुखी, म्हणाली, त्यांना लेकरं विकावी लागली नाहीत, म्हणून तुम्हाला दात काढता येतात. ज्या सरकारला रेघ ओढून माणूस परका करता येतो, त्याला एका बाईच्या घरचा माणूस ओळखता येत नाही, आग लागो तुमच्या दौतीला. चपराशानं दंड धरून तिला पायऱ्यांपर्यंत आणलं. केशवराव मागोमाग आले. ते शरमले होते, पण शरमून काय उपयोग? त्यांनी हळूच सांगितलं, की ज्या बाईचं नाव नोंदीत आहे ती येऊन बोलली तर दाखला एका दिवसात मिळेल.

लकडगंजापर्यंत ती चालत आली. रस्ताभर तिला राग कोणाचा करावा ते कळेना. सासूचा केला, तर ती मेलेली. सटवाईचा केला, तर भीती. सरकारचा केला, तर त्याला तोंड कुठे आहे? उरली रंभाबाई.

पोळ्याच्या दिवशी वखारींचे बैल शिंगं रंगवून उभे होते, घरोघरी पुरण शिजत होतं. जिजाबाई पदराखाली काहीतरी झाकून रंभाबाईच्या दारात गेली. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता. रंभाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"कोनाच्या कामाले आली वं?"

"नत्थूच्या."

"कोन नत्थू? गावात रग्गड नत्थू हायेत."

जिजाबाईची कानशिलं तापली. मागे फिरावं असं वाटलं, पण धक्क्यावर उभी राहिलेली एक बाई आणि तिच्या कडेवरची पोर, ज्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्या काही तिला मागे फिरू देईनात.

"तुह्या नत्थूच्या," ती म्हणाली. "तुह्या लेकाच्या कामाले आली. आयकलं? का साऱ्या गल्लीले बोलावून सांगू?"

रंभाबाईचा झारा कढईतच राहिला. तिला हे ऐकायचं होतं, कितीतरी वर्षं ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर तिला काय करावं ते सुचेना. तिनं पाट सरकवला. जिजाबाई बसली नाही. उभ्याउभ्याच तिनं कचेरीतलं सांगितलं, आणि पदराखालून सूप काढून पुढे ठेवलं. सुपात पसाभर कण्या होत्या. तिनं मनाशी ठरवलं होतं, की आजच लेक सोडवून घ्यायचा. मग तो शब्द आपल्या हक्काचा, मग उद्या साहेबासमोर काय, साऱ्या सिताबर्डीत ओरडून सांगेन.

रंभाबाईनं कण्यांकडे पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. चुलीचा धूर असेल, नसेल. तिनं सूप हातानं परत सरकवलं. द्यायला नको असं नाही, ती म्हणाली, पण पोरगा समोर पाहिजे. सुपातून घेतला तर सुपातच परत द्यावा लागतो, निदान त्याचा हात तरी सुपाला लागला पाहिजे. रिकाम्या सुपाचा सौदा सटवाई मानेल काय? आणि मानला नाही, तर मग?

दोघी एकमेकींवर दात खाऊन होत्या, पण सटवाईला दोघी सारख्याच भीत होत्या. जिजाबाईला वाटत होतं, रंभाबाई खोटं बोलते, तिला पोरगा सोडायचाच नाही. आणि तिला पक्कं ठाऊकही होतं, की रंभाबाई खरं बोलते.

"येतो मी कचेरीत," रंभाबाई म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो. मी लबाड नाई बोलून राहिली. म्या त्याले इकत घेतला, तू सोडवला नाई. माहाच हाय तो. शपथ घेतली तरी माह्या जिभेले काटा लागनार नाई."

जिजाबाईनं सूप उचललं आणि घरी आली. कण्या तिनं कोंबड्यांना टाकल्या. त्या दिवशी तिनं पुरण शिजवलं नाही, बैलांची पूजा पाहिली नाही, भिंतीला पाठ लावून बसून राहिली. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. जिभेला काटा लागणार नाही म्हणे. नऊ महिने वागवला कोणी, आणि काटा कोणाला लागणार?

दुसऱ्या दिवशी मारबत. इतवारीकडून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघालेली, रस्त्यात माणसांचा पूर, आणि पोरं घसा फाटेस्तोवर ओरडत होती, इडापिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत. त्या गर्दीतून दोघी कचेरीकडे निघाल्या, एक पुढे, एक मागे, मनोहरराव मध्ये. त्याची गाडी संध्याकाळची होती, त्याचं सगळं लक्ष घड्याळावर. लोक आपापल्या घरची पिडा त्या पुतळ्याबरोबर धाडत होते. जिजाबाईच्या मनात आलं, आपण कोणाकोणाला धाडावं? केशवरावांची अख्खी खोली घेऊन जा गे मारबत. तो नकाशा, ती रेघ घेऊन जा. पुढे चालणाऱ्या बाईच्या पाठीकडे पाहून तिच्या ओठांवर तिसरं नाव आलं होतं, पण ते तिनं गिळलं. आज त्या बाईच्या जिभेवर नत्थूचा संसार होता.

साहेब जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा. त्याला मारबत ठाऊक नव्हती, म्हणून कचेरीत बसलेला होता. त्याच्या टेबलाजवळ केशवराव उभे, साहेबाचं हिंदी मराठीत आणि बायकांचं मराठी हिंदीत करायला. रंभाबाई पुढे. जिजाबाई दाराशी, भिंतीला टेकून. केशवरावांची आणि तिची नजरानजर झाली. ते नजर काढून कागदात पाहू लागले.

शपथ झाली. नत्थू तुझा कोण, विचारलं. रंभाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्वच्छ सांगितलं, माहा लेक हाय. आवाज कापला नाही, नजर ढळली नाही. जिजाबाईला वाटलं, कोणी उकळतं तेल कानात ओतलं. जो शब्द तिनं तीस वर्षं दातांखाली धरून ठेवला, तो या बाईनं किती सहज टाकला, आणि छताखालचा पंखा तसाच हलत राहिला, काही झालं नाही, कोणाला देवी आल्या नाहीत. तिचे हात शिवशिवले. तिथल्या तिथे त्या बाईची झिंज्या धरून तिला उन्हात काढावी आणि त्या साहेबाला सांगावं, की तुझ्या डोळ्यांदेखत चोरी होते आहे, हाकिमा, आणि तू त्यावर शिक्का मारतो आहेस.

ती हलली नाही.

साहेबानं कागदावरचं पुढचं विचारलं. अंगावरच्या खुणा सांगा, दाखल्यात लिहाव्या लागतात, म्हणजे दुसराच कोणी तो घेऊन मिरवायला नको. रंभाबाई म्हणाली, उजवं नाक टोचलेलं. साहेब म्हणाला, असे नाक टोचलेले इथं ढिगानं आहेत, दुसरी खूण सांगा, कपड्याखालची. आईला ठाऊक असेलच.

केशवरावांनी प्रश्न पुन्हा सांगितला. रंभाबाई जमिनीकडे पाहू लागली. तिनं त्याला नाव दिलं होतं, दही दिलं होतं, सणाला बोलावून जेवू घातलं होतं, पण उघड्या अंगानं तो भिंतीच्या पलीकडे, जिजाबाईच्या बाजूलाच वाढला होता. साहेबानं लेखणी खाली ठेवली. त्यानं केशवरावांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात संशय होता. मनोहररावानं दारात पाय बदलला. रंभाबाईनं मान वळवली आणि जिजाबाईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिच्याकडे सरळ पाहत होती, आणि त्या डोळ्यांत मिजास नव्हती.

जिजाबाईला एक क्षण असाही आला, की पाहू दे. पडू दे तोंडावर. काल म्हणाली ना, जिभेला काटा लागणार नाही. आता सांग म्हणावं, आई आहेस तर सांग. हा क्षण तिला आला, हे लपवायचं काही कारण नाही.

"पोटावर चट्टा हाय," जिजाबाई म्हणाली. "बेंबीच्या डाव्या अंगाले. बिब्ब्याचा."

साहेबानं मान वर केली. ही कोण, त्यानं विचारलं, आणि हिला कसं ठाऊक?

"सहा महिन्यांचा होता, पोट फुगलं होतं. मीच देल्ला बिब्बा. जास्त लागला. कातडं निघालं."

तू त्याची कोण लागतेस, साहेबानं हिंदीत विचारलं. केशवरावांनी ते मराठीत करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले, आणि जिजाबाईला वाटलं, आता यानं दयेचा एक शब्द काढला तर ती त्याची दौत त्याच्याच डोक्यात घालेल. तिनं पदर दातांत धरला, सोडला.

"शेजारीन," ती म्हणाली.

केशवरावांनी लिहून घेतलं. चट्टा, बेंबीच्या डावीकडे. साहेबानं दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, शाई वाळू दिली, आणि कागद रंभाबाईच्या हातात दिला. तो खूश झाला होता. भला माणूस होता, केशवरावांनी सांगितलं होतं तसाच.

"तुम्हारा नसीब अच्छा है, माई," तो रंभाबाईला म्हणाला. "पडोसन हो तो ऐसी."

या वाक्याचं केशवरावांनी मराठी केलं नाही. गरजही नव्हती. जिजाबाईला हिंदी चांगली समजत होती.